सामायिक कोठीघर : आभासी यंत्रांच्या साठवणीची व्यवस्था



शाळाभेटीस गेल्यावर संगणक-कक्षाचे दार मी आवर्जून उघडून पाहतो. कोठे दहा संगणकांपैकी सात चादरीखाली झाकलेले आढळतात, कोठे ते चालू असतात पण इतके मंद की मुलांचा तास यंत्र जागे होण्यातच संपतो. माझ्या पाहण्यातील काही शाळांनी यावर निराळी वाट काढली आहे. लोकवर्गणीतून अथवा देणगीतून एकच चांगला सशक्त संगणक घ्यावयाचा, त्याच्या पोटात पाच-सहा आभासी यंत्रे उभी करावयाची, आणि जुन्या संगणकांचे पडदे व कळफलक केवळ त्या यंत्रांकडे पाहण्याच्या खिडक्या म्हणून वापरावयाचे. ही वाट काटकसरीची आहे व मी तिचा पुरस्कर्ता आहे. परंतु या व्यवस्थेत सर्वांचे सामान एकाच ठिकाणी येते. त्या सामानाची नीट मांडणी न केल्यास काय होते हे मी एका शाळेत प्रत्यक्ष पाहिले, आणि त्या हानीत माझ्या सल्ल्याचाही वाटा होता. तो प्रसंग पुढे सांगणार आहे. तत्पूर्वी विषयाची ओळख करून घेऊ.

वाडा आणि बिऱ्हाडे

मी नागपुरातील महालात राहतो. जुन्या वाड्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांस आभासी यंत्र म्हणजे काय हे समजावून सांगण्यास फारसे श्रम पडत नाहीत. वाडा एक, पाया एक, छप्पर एक आणि विहीरही एकच. परंतु आत बिऱ्हाडे सहा. प्रत्येक बिऱ्हाडाचे दार निराळे, चूल निराळी, कुलूप निराळे. एका घरी भांडण झाले म्हणून शेजारच्या घरची चूल विझत नाही. आभासी यंत्राचेही असेच आहे. खरा संगणक हा वाडा होय. त्यास यजमान म्हणू. त्यातील प्रत्येक आभासी यंत्र हे एक बिऱ्हाड. त्यास आपण पूर्ण संगणक आहोत असेच वाटते : आपली स्मृती, आपली डिस्क, आपला पडदा. प्रत्यक्षात या सर्व वस्तू वाड्याच्या मालकीच्या असून त्यांची वाटणी करणारी एक निराळी प्रणाली असते. तीस हायपरव्हायजर म्हणतात. वाड्याचा कारभारी म्हटले तरी चालेल.

ही कल्पना आजची नव्हे. आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने 1972 साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम-370 ही प्रणाली जाहीर केली आणि एका यंत्रावर अनेकांस स्वतंत्र यंत्राचा भास करून दिला. तिच्यातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. सर्वांस लागणारी मूळ प्रणाली प्रत्येकाच्या वाट्यास वेगळी न देता ती एकाच डिस्कवर ठेविली जाई. ती सर्वांस वाचता येई, पण तीवर लिहिता येत नसे. स्वतःचे लिखाण ज्याने त्याने आपापल्या छोट्या डिस्कवर करावयाचे. पन्नास वर्षे लोटली, यंत्रे पालटली, तरी शाळेच्या कक्षात आपणांस जी शिस्त लावावयाची आहे ती हीच. 1999 मध्ये व्हीएमवेअर कंपनीने साध्या टेबलावरील संगणकासाठी अशी प्रणाली विक्रीस आणली. 2007 पासून व्हर्च्युअलबॉक्स ही विनामूल्य मिळू लागली. शाळांस हीच सोयीची पडते.

आपल्या नित्याच्या कामाशीही या गोष्टीचा संबंध आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची मोठी माहिती-केंद्रे पुणे, दिल्ली, हैदराबाद व भुवनेश्वर येथे आहेत, आणि 2014 साली आरंभलेल्या 'मेघराज' या उपक्रमाखाली तेथून शासकीय खात्यांस आभासी यंत्रे पुरविली जातात. म्हणजे जे तेथे हजारोंच्या संख्येने चालते, त्याचीच लहानशी आवृत्ती आपल्या कक्षात असते. भेद इतकाच की तेथे साठवणीवर रात्रंदिवस लक्ष ठेवणारी माणसे असतात, आणि येथे गणिताचा तास संपवून आलेले आपण असतो.

कोठीघराचा हिशेब

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. समजा, यजमान संगणकात 16 गिगाबाइट स्मृती व 500 गिगाबाइटची डिस्क आहे. प्रत्येक आभासी यंत्रास 2 गिगाबाइट स्मृती दिली तर सहा यंत्रांस 12 लागतात आणि उरलेले 4 यजमानाच्या स्वतःच्या कामास राहतात. याहून सातवे बिऱ्हाड भरण्याचा मोह टाळावा.

डिस्कचा हिशेब अधिक मनोरंजक आहे. तो सहावी-सातवीच्या मुलांस उदाहरण म्हणूनही घालता येईल. एका यंत्राची मूळ प्रणाली 20 गिगाबाइट जागा घेते असे धरू. पाठ्यपुस्तकांच्या ई-प्रती, बालगीते, नकाशे, विज्ञानाच्या चित्रफिती असा संग्रह 30 गिगाबाइटचा आहे असे धरू. प्रत्येक यंत्रास सर्व काही स्वतंत्र दिले, तर सहा यंत्रांच्या मूळ प्रणालीस 120 आणि संग्रहास 180, मिळून 300 गिगाबाइट खर्ची पडतात. याउलट मूळ प्रणाली एकच ठेवून तीवर प्रत्येक यंत्राचा 3 गिगाबाइटचा स्वतःचा थर दिला, आणि संग्रहही एकच ठेवला, तर 20, 18 व 30, असे एकूण 68 गिगाबाइट पुरतात. शिवाय पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती आली की सहा ठिकाणी बदल न करता एकाच ठिकाणी करावा लागतो. जुने व नवे पुस्तक एकाच वर्गात दोन पडद्यांवर उघडण्याचा जो गोंधळ होतो, तो आपोआप टळतो.

'थर' हा शब्द येथे आला, त्याचा अर्थ नीट समजला पाहिजे; पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. भूगोलाच्या तासाला आपण महाराष्ट्राच्या छापील नकाशावर पारदर्शक कागद ठेवतो आणि त्या कागदावर नद्या गिरवतो. मूळ नकाशा कोरा राहतो. सहा मुलांस सहा पारदर्शक कागद दिले तर एकाच नकाशावर सहाजण आळीपाळीने निरनिराळे काम करू शकतात. संगणकात आळीपाळीचीही गरज नसते. सर्वांस तो नकाशा एकाच वेळी आपापल्या कागदाखाली दिसतो. मात्र मूळ नकाशा कोणी फाडला, अथवा त्यावर शाईने काही लिहिले, तर सहाही कागदांचा अर्थ त्याच क्षणी बिघडतो. कागदावर वैनगंगेची रेघ असेल, पण ती कोणत्या जिल्ह्यातून जाते हे सांगणारा खालचा नकाशाच नसेल. म्हणून ज्या मूळ डिस्कवर थर चढविले आहेत, ती डिस्क कोणीही स्वतंत्रपणे उघडू नये, तिचे नाव बदलू नये, तिची जागा बदलू नये. तिच्या फाईलचे नाव 'जुनी' अथवा 'नमुना' असे ठेवू नये, कारण तशा नावाची फाईल टाकाऊ समजून काढली जाते. 'मूळ, हात लावू नये' असे स्पष्ट मराठी नाव फोल्डरास द्यावे.

संग्रहाच्या बाबतीत तत्त्व तेच, रीत थोडी निराळी. यजमान संगणकावर एक फोल्डर करून तो सर्व आभासी यंत्रांस जोडता येतो. जोडताना 'केवळ वाचनासाठी' अशी खूण करण्याची सोय असते. ती न चुकता करावी. मुले जिज्ञासेने फाईली हलवितात, नावे बदलतात, एखादी चित्रफीत आपल्या फोल्डरात ओढून नेतात. यात त्यांचा दोष मानू नये. हात लावून पाहण्यासाठीच आपण त्यांस तेथे बसविले आहे. कोठीघराचे दार उघडे टाकून मुलांस दटावणे हे शिक्षकाचे काम नव्हे.

वाड्यातील कोठीघरास एक कोठावळा असे. धान्य आत घेणे व बाहेर देणे त्याच्या हातून होई, आणि उंदरांनी पोते कुरतडले तर जाब त्यासच द्यावा लागे. सामायिक संग्रहासही असा एकच कोठावळा असावा. नवी फाईल घालणे, जुनी काढणे, नाव देणे हे त्याच्याच हातून व्हावे. नाव देताना इयत्ता, विषय, वर्ष हा क्रम ठरवून घ्यावा. 'नवीन', 'नवीन 2', 'अंतिम', 'अंतिम खरे' अशी नावे मी इतक्या शाळांतून पाहिली आहेत की त्यांची वेगळी वर्गवारी करता येईल. दोन शिक्षकी शाळेत कोठावळा कोण हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. तथापि तेथेही तो ठरविलाच पाहिजे. दोघांची जबाबदारी म्हटली की प्रत्येकजण दुसऱ्यावर विसंबतो.

ज्या फाईलींवर एकाहून अधिक शिक्षकांस लिहावयाचे असते, उदाहरणार्थ गुणतक्ते, त्या मात्र या संग्रहात ठेवू नयेत. दोन यंत्रांवरून एकच तक्ता एकाच वेळी उघडला, तर 'ही फाईल दुसऱ्याने उघडली आहे' असा इशारा प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. मग दोघेही आपापली भर घालतात, आणि जो शेवटी जतन करतो त्याचेच लिखाण उरते. पहिल्याची तासाभराची मेहनत नाहीशी होते आणि कोणास कळतही नाही. प्रत्येक वर्गशिक्षकाचा तक्ता वेगळा ठेवून महिनाअखेरीस एकाने ते सर्व एकत्र करावेत, हा मार्ग थोडा जुनाट वाटला तरी खात्रीचा आहे. आभासी यंत्राच्या डिस्कची फाईल तर दोन यंत्रांनी एकाच वेळी कधीही उघडू नये. एका वहीत दोघांनी एकाच ओळीवर लिहावे, तशी तिची अवस्था होते.

दिसणारी जागा आणि असलेली जागा

आभासी डिस्क दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात ठरलेली सर्व जागा आरंभीच बाजूला काढली जाते. दुसऱ्या प्रकारात केवळ वचन दिले जाते : '100 गिगाबाइटपर्यंत वाढ.' प्रत्यक्ष फाईल आरंभी लहान असते व लिखाण होईल तशी फुगत जाते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आपण वेगळे सांगितले नाही तर हा दुसराच प्रकार मिळतो. जागा वाचते म्हणून तो चांगला. पण वचन आणि शिल्लक यांची गल्लत झाली की तोच घात करतो. सहा यंत्रांस प्रत्येकी 100 गिगाबाइटचे वचन दिले तर एकूण वचन 600 चे झाले, आणि डिस्क तर 500 चीच आहे. प्रत्येक यंत्राच्या पडद्यावर 'अजून पुष्कळ जागा शिल्लक' असे दिसत राहते, आणि ते यंत्र खोटेही बोलत नसते. त्यास जे वचन मिळाले तेच ते सांगते. गावातील सहा घरांनी एकाच विहिरीच्या भरवशावर ओलिताचा गहू पेरावा, तसे हे आहे.

विहीर आटली की काय होते? यजमानाची डिस्क पूर्ण भरली की ज्या यंत्रास पुढे लिहावयाचे आहे ते जागच्या जागी थांबते. सहाही यंत्रे लिहीत असतील तर सहाही थांबतात. यंत्र थांबले म्हणजे ते लगेच बिघडले असे नव्हे. यजमानावर जागा मोकळी करून दिली तर ते पुढे चालू होऊ शकते. त्या क्षणी घाबरून वीज बंद करणे हीच मोठी चूक ठरते.

येथे आणखी एक गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. आभासी यंत्राच्या आतून फाईली पुसल्या तरी यजमानावरील त्याची फुगलेली डिस्क आपोआप आकसत नाही. आतल्या घरात कपाट रिकामे झाले, परंतु वाड्यातील भिंत जेथवर सरकली होती तेथेच राहिली. ती मागे आणण्यासाठी निराळी क्रिया करावी लागते, आणि ती यंत्र बंद असतानाच, सवडीने करावी. म्हणून शिल्लक पाहावयाची ती नेहमी यजमानावर. दर सोमवारी परिपाठानंतर यजमानाची शिल्लक पाहून ती फळ्याच्या कोपऱ्यात तारखेसह लिहिण्याची पद्धत एका शिक्षिकेने पाडली आहे. उरलेली जागा डिस्कच्या पाचव्या हिश्शाहून खाली जाऊ लागली की त्या नवीन काही आत घेत नाहीत. एवढ्या साध्या उपायाहून चांगली युक्ती मला अद्याप सापडलेली नाही.

स्नॅपशॉटविषयी

आता तो प्रसंग. शाळेचे नाव देत नाही. तेथे यजमान संगणकावर सहा यंत्रे होती. पाच मुलांची आणि एक कार्यालयाचे. कार्यालयाच्या यंत्रावर गुणतक्ते, पोषण आहाराचे हिशेब, आणि मुख्य म्हणजे तिसरी-चौथीच्या एकेचाळीस मुलांच्या वर्णनात्मक नोंदी होत्या. जून महिन्यात त्या यंत्रातील प्रणाली अद्ययावत करावयाची होती. मी तेथे भेटीस गेलो होतो. मी सांगितले, 'आधी स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिघाड झाला तरी पूर्वस्थितीत येता येईल.' सल्ला चुकीचा नव्हता, अपुरा होता. काम झाल्यावर तो स्नॅपशॉट काढून टाकावा हे मी सांगितले नाही, आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे हेही सांगितले नाही. शिक्षकांनी समजून घेतले की आता आपली एक प्रत सुरक्षित झाली.

स्नॅपशॉट घेतल्यावर प्रत्यक्षात होते ते असे. त्या क्षणीची डिस्क गोठविली जाते आणि पुढचे सर्व लिखाण तीवर ठेवलेल्या एका नव्या पारदर्शक कागदावर होऊ लागते. दुसरी प्रत तयार होतच नाही. जुने लिखाण खालच्या नकाशात, नवे वरच्या कागदावर. दोन्ही मिळून एक चित्र. दिवस जातील तसा वरचा कागद जाड होत जातो, कारण बदललेली प्रत्येक गोष्ट तेथे नव्याने साठते. जूनपासून एप्रिलपर्यंत तो वाढत राहिला. एप्रिलच्या अखेरीस निकालाचे काम जोरात असताना यजमानाची डिस्क भरली आणि सर्व यंत्रे थांबली.

तरीही त्या वेळेपर्यंत काहीच गेले नव्हते. मदतीस बोलाविलेल्या एका जाणत्या तरुणाने फोल्डर उघडला. त्यात एक मोठी फाईल होती, तिच्यावरची तारीख जूनची. दुसरी कालच्या तारखेची. त्याने रास्त वाटणारा तर्क केला : नवी आहे तर जुनी कशास हवी? जुनी फाईल पुसली, कचरापेटीही रिकामी केली. जागा झाली. यंत्र मात्र पुन्हा कधी उठले नाही. खालचा नकाशा गेला होता आणि हाती उरला तो अर्धवट रेघांचा कागद. नागपूरला नेऊन दोन दिवस प्रयत्न झाले. काही तुकडे मिळाले, ते जुळविता आले नाहीत.

गुण कागदावर होते. तीन शिक्षकांनी रात्री बसून ते पुन्हा भरले आणि 1 मे रोजी निकाल लागला. वर्णनात्मक नोंदी कागदावर नव्हत्या. कोणते मूल वाचताना बोट धरते, कोणास बेरीज तोंडी येते पण लिहिता येत नाही, कोण घरी गोंडी बोलते म्हणून वर्गात गप्प बसते, अशा दहा महिन्यांच्या त्या नोंदी होत्या. वर्गशिक्षिका मला इतकेच म्हणाल्या, 'साहेब, पुढच्या गुरुजींना मी तोंडी काय काय सांगू?' त्या मुलांपैकी काही जूनमध्ये दुसऱ्या गावी गेली. त्यांच्याबरोबर दाखला गेला, एवढेच.

म्हणून स्नॅपशॉटविषयी तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. तो जोखमीच्या कामापुरता घ्यावा व आठवड्याच्या आत काढावा. तो काढावयाचा तो प्रणालीतील स्नॅपशॉटच्या यादीतूनच. तेथून काढला असता वरच्या कागदावरील लिखाण खालच्या नकाशात उतरविले जाते व काहीही नष्ट होत नाही. फाईल हाताने पुसली असता मात्र सर्वच जाते. आणि या उतरविण्याच्या क्रियेस स्वतःची थोडी मोकळी जागा लागते, म्हणून डिस्क काठोकाठ भरेपर्यंत थांबू नये. डिस्क भरलीच तर आभासी यंत्रांच्या फाईलींस हात न लावता प्रथम यजमानावरील इतर सामान, उदाहरणार्थ उतरवून घेतलेल्या चित्रफिती वा प्रणाली बसविण्याच्या मोठ्या फाईली, बाहेरच्या डिस्कवर हलवून जागा करावी. बसविण्याच्या या फाईली अनेकदा आभासी यंत्रांस तबकडीप्रमाणे जोडलेल्या राहिलेल्या असतात. हलविण्यापूर्वी त्या सोडवून घ्याव्यात, अन्यथा ते यंत्र उठताना नसलेली तबकडी शोधत तक्रार करते.

दुसरी प्रत

नागपूरकर भोसल्यांचा काळ्या दगडाचा व नक्षीदार लाकूडकामाचा राजवाडा येथेच महालात होता. 1864 साली तो आगीत जळाला. मोठा दरवाजा तेवढा उरला. फार दूरचे उदाहरण वाटत असल्यास 21 जून 2012 चे घ्या. त्या दिवशी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागून ती वरच्या मजल्यांवर पसरली. पाच माणसे दगावली आणि अनेक खात्यांच्या फाईली जळाल्या. ज्या कागदाची प्रत दुसऱ्या कार्यालयात होती तो पुन्हा उभा करता आला.

बॅकअप म्हणजे यजमान संगणकाच्या बाहेर, आणि शक्यतो शाळेच्याही बाहेर असलेली स्वतंत्र प्रत. त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरात ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. डिस्क गेली की दोन्ही जातात. सर्व आभासी यंत्रांची प्रत घेण्याची गरज नाही. मुलांची यंत्रे एका दिवसात पुन्हा उभी करता येतात. मूळ डिस्कची एक प्रत वर्षारंभी घेऊन ठेवली की पुरे. संग्रहातील बहुतेक वस्तू पुन्हा मिळविता येतात. पुन्हा मिळत नाही ते शिक्षकाने लिहिलेले. त्याचा आकार बहुधा अत्यल्प असतो; वर्षभराच्या नोंदी व तक्ते एका छोट्या पेनड्राइव्हमध्ये मावतात. दर शनिवारी ते बाहेरच्या डिस्कवर उतरवावे, आणि महिन्यातून एकदा दुसरी प्रत केंद्रशाळेच्या कपाटात जावी. सबंध यंत्राचीच प्रत घ्यावयाची असल्यास ते यंत्र आधी रीतसर बंद करावे. चालू यंत्राची फाईल उचलली तर धावत्या मुलाचे छायाचित्र यावे तशी ती अस्पष्ट येते, आणि हे कळते ते गरज पडेल तेव्हाच.

बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. जोडून ठेवलेल्या डिस्कवर विषाणू पोचतो आणि मृगातल्या विजेचा झटकाही. विजेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, बॅटरीचे यूपीएस यजमानास अवश्य असावे. वीज गेली की आधी सर्व अतिथी यंत्रे बंद करावीत आणि मग यजमान. हा क्रम दारावर लिहून लावावा. भारनियमनाच्या गावी तो मुलांसच पाठ असतो.

विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती, विशेषतः आधार क्रमांक, पालकांचे भ्रमणध्वनी, जात व आजार यांच्या नोंदी, सामायिक संग्रहात चुकूनही ठेवू नये. 2023 साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत केला असून बालकांच्या माहितीविषयी त्यात विशेष काळजी सांगितली आहे. कायदा नसता तरी वर्गातील एका मुलाच्या घरची परिस्थिती दुसऱ्या मुलाच्या पडद्यावर यावी हे आपणांपैकी कोणास रुचले असते? ही माहिती कार्यालयाच्या यंत्रावर, संकेतशब्दाच्या कुलपात राहावी. आणि तिची बाहेरची प्रतही कुलूपबंद असावी. जनरल रजिस्टर मात्र कागदावर पूर्ववत लिहीत राहावे. संगणकात त्याची नक्कल असू द्या. मूळ ते बांधीव पुस्तकच.

शिक्षण परिषदेत करावयाचा प्रयोग

पुढील शिक्षण परिषदेत ज्या केंद्रांत अशी व्यवस्था आहे, त्यांनी एक तासाचा प्रयोग करावा. एका आभासी यंत्रावर दहा काल्पनिक मुलांचा तक्ता तयार करून त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. नंतर ते आभासी यंत्र सर्वांसमक्ष पूर्णपणे काढून टाकावे. मग कोठावळ्यास खोलीबाहेर पाठवून, उरलेल्या शिक्षकांनी मूळ डिस्कवरून नवे यंत्र उभे करावे आणि तक्ता परत आणावा. किती मिनिटे लागली, कोणती पायरी अडली, कपाटाची किल्ली कोणाकडे होती, संकेतशब्द कोणास आठवला, याची नोंद केंद्रप्रमुखांनी घ्यावी व इतिवृत्तासोबत पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे पाठवावी. जेथे तक्ता परत आला नाही, त्या केंद्रांनी ते तसेच लिहावे. तेथे मी प्रथम येईन.